कडी आतून हवी, कुलूप बाहेरून नको

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी जिल्ह्याच्या गावी, बाजारातल्या सार्वजनिक शौचालयापाशी जे घडलं ते आपल्या कानावर घालते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तिथल्या सफाई कामगाराला नोटीस निघेल आणि प्रकरण निकाली.

दीड वर्षापूर्वी आमच्या यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. दर मंगळवारी व्यायामोपचाराला नेते. परवा बसमधून उतरताच म्हणाले, "जायला हवं." 'पुरुष' पाटीपाशी गेलो. आत भिंतीला तोंड करून पाचसहा जण उभे, दाराचा पत्ता नाही. मी आत कशी जाणार? 'महिला' बाजूला नेलं, तर आतल्या बायका ओरडल्या. त्यांचं काय चुकलं? मीही ओरडले असते. पैसे घेणारा पोरगा म्हणाला, "काकू, काकांना एकट्याला पाठवा ना." ज्यांना पायजम्याची नाडी एका हाताने सुटत नाही, त्यांना ओल्या फरशीवर एकट्याला पाठवू?

तिसरं दार होतं, साहेब. त्यावर चाकाच्या खुर्चीचं चित्र, शेजारी स्वच्छ भारतचा गांधीजींचा चष्मा आणि कडीला हे भलंमोठं कुलूप. किल्ली मुकादमाकडे, मुकादम जेवायला. फटीतून पाहिलं तर आत झाडू, फिनेलचे कॅन आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचे फ्लेक्स. उद्घाटनाच्या कोनशिलेवर खर्च 18 लाख की 28 लाख लिहिलाय. चष्मा पिशवीत होता, एका हाताने यांना धरलेलं.

तोवर झालं ते झालं. एकतीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस भर बाजारात ओल्या पायजम्यात उभा होता. कुणी हसलं नाही, हे मात्र खरं. सगळ्यांनी माना वळवल्या, ते अधिक लागलं. मी पदर पुढे धरला. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, "आता मला कुठे नेऊ नकोस."

गेल्या वर्षी याच कुलुपाबद्दल मी अर्ज दिला होता. 'दिव्यांग व वृद्धांसाठी कक्ष तातडीने खुला करण्यात येईल' असं लेखी उत्तर आहे, सहीशिक्क्यासकट. तातडीला तेरा महिने झाले. दिव्यांग हक्कांचा कायदा 2016 चा, नियम 2017 चे, त्यात जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत. बोटं मोजा.

मी मागते ते फार नाही. जमिनीपर्यंत दार, आतून कडी, हाताला धरायला दांडा, पाणी, आणि पाटीवर फक्त 'स्वच्छतागृह'. बाई नाही, पुरुष नाही. हे आमच्या वॉर्डातल्या एका पुढाऱ्याला सांगितलं तर म्हणे, "बाई, एकत्र संडास आपल्या संस्कृतीत बसत नाही." कुठली संस्कृती? घरात सासऱ्याचा आणि सुनेचा संडास वेगळा असतो का? चाळीत गॅलरीच्या टोकाला रांगेत टमरेल घेऊन कोण कोण उभं असायचं? रेल्वेच्या डब्यात कुठे पाट्या असतात? ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाचं रेल्वेला लिहिलेलं 1909 चं पत्र प्रसिद्ध आहे. स्टेशनात शौचाला उतरला, तेवढ्यात गाडी सुटली; एका हातात लोटा, दुसऱ्यात धोतर सावरत गाडीमागे पळताना तो फलाटावर पडला. फणस जास्त झाला होता बिचाऱ्याला! त्यानेही साहेबालाच लिहिलं होतं.

बाईला हवा असतो आडोसा. पाटी आडोसा देत नाही, कडी देते. 'महिला' पाटीच्या आतली कडी तुटकी असली तर मैत्रिणीने बाहेरून दार धरायचं, हे आम्हाला शाळेपासून माहीत. पुरुष मात्र भिंत दिसली की उभा; म्हणून भिंतीवर देवांच्या टाइल्स लावाव्या लागतात. तेव्हा संस्कृती कुठे जाते? आम्ही घरून निघताना पाणी पीत नाही, हीच का ती?

त्या पोराला सहज विचारलं, तृतीयपंथी कुठल्या बाजूला जातात? म्हणाला, "ते येतच नाहीत." 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात असे 40,891 जण नोंदले गेले. न नोंदलेले किती, देव जाणे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 सालीच त्यांच्यासाठी शौचालयं करा म्हणून सांगितलं, मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये बायकांच्या स्वच्छतागृहांवरून महापालिकांना खडसावलं. निकाल आमच्या बाजूने, कुलूप आमच्या तोंडावर. उद्या त्यांच्यासाठी वेगळं बांधलंत तरी किल्ली त्याच मुकादमाकडे जाणार ना?

चारेक वर्षं नगरपालिकांत निवडणुका नव्हत्या, प्रशासक होते. तेव्हा विचारलं तर 'लोकप्रतिनिधी आल्यावर बघू'. आता आले, तर 'निविदा प्रक्रियेत आहे'. बांधकामाचं टेंडर निघतं, कडीचं निघत नाही, कारण कडीत खायला काही नसतं. हे जास्त बोलले का? बोलू द्या. कर वेळेवर भरते.

येत्या मंगळवारी पुन्हा जायचं आहे. हे आदल्या रात्रीपासूनच पाणी प्यायचं बंद करतात, डॉक्टरांनी भरपूर प्या म्हटलेलं असताना. सव्वाअकराला आम्ही त्या तिसऱ्या दारापाशी असू. तेवढं मुकादमाला उशिरा जेवायला सांगा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका