भुयारी गटारात काय सोडू नये : नाशिकच्या आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.

विषय : भुयारी गटारात सोडण्यास मनाई असलेल्या पदार्थांचे धंदेवार नियम आणि दाराबाहेरचे तपासणी चेंबर.

आदरणीय आयुक्त,
सादर नमस्कार.

२०२७ च्या सिंहस्थाची चर्चा निघाली की मलजल शुद्धीकरण केंद्रांची क्षमता किती वाढवायची, यावरच सगळा भर असतो. क्षमता वाढायलाच हवी. पण आम्ही रोज चेंबर उघडणारी माणसे आहोत, त्यामुळे आमचे बोट दुसऱ्या टोकाकडे आहे. केंद्र कितीही मोठे बांधले तरी ते फक्त माणसाचे मैलापाणी पचवते. तेल, ॲसिड, क्रोमियम, सिमेंट, प्लॅस्टिकच्या चिंध्या त्याला पचत नाहीत. या गोष्टी आत शिरतात त्या दुकानाच्या, कारखान्याच्या, सोसायटीच्या दाराशी. अडवायच्या तर तिथेच अडवल्या पाहिजेत. नियम आहेत. ते त्या दारापर्यंत पोचलेले नाहीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

१९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्याचे कलम २४ विषारी आणि प्रदूषक द्रव्ये ओढ्यात, विहिरीत, जमिनीवर आणि गटारातही सोडायला मनाई करते. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मध्ये सार्वजनिक गटारासाठी आकडे दिलेले आहेत. सामू (पीएच, आम्लता मोजणारा आकडा) ५.५ ते ९, तरंगते घन पदार्थ लिटरला ६०० मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) ३५०, तेल आणि ग्रीस २०, सहा-संयुजी क्रोमियम २, निकेल ३, तांबे ३, सायनाइड २. हॉटेलच्या मालकाला किंवा प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) शेडमधल्या सुपरवायझरला हे आकडे कोणी समजेल अशा भाषेत कधी दिले आहेत का? ‘तेल २० मिलिग्रॅम’ वाचून भांडी घासणाऱ्याने नेमके काय करायचे?

तेलापासूनच सुरुवात करतो, कारण तुंबलेले चेंबर उघडले की बहुतेक वेळा तेच वर दिसते. नाशिक हे मिसळीचे आणि चिवड्याचे गाव. तर्रीचे पातेले, भजीची कढई, फरसाणाची झारी यांचे तेल गरम पाण्याबरोबर मोरीतून सहज वाहून जाते आणि काम झाले असे वाटते. वीस-तीस फुटांवर पाणी निवते. तेल पाइपाच्या वरच्या भागाला आणि सांध्यांना साय धरल्यासारखे चिकटते. जड, क्षारयुक्त पाण्यातला आणि सिमेंटच्या चेंबरमधला चुना त्या तेलातल्या आम्लांशी मिळून साबणासारखी कडक, पांढरट खपली तयार करतो. ती हाताने मोडत नाही, बांबूने टोचावी लागते. पाइप १५० मिलिमीटरचा असला तरी वाट उरते तीन-चार बोटांची. मग भाताची शिते, कोथिंबिरीच्या काड्या, टिश्यू पेपर तिथेच अडकतात.

‘आमच्याकडे ग्रीस ट्रॅप (तेल अडवणारा डबा) आहे’ असे उत्तर हमखास मिळते. सिंकखाली ४५ लिटरचा स्टीलचा डबा असतो. तीन नळ एकदम चालू असले की मिनिटाला साधारण ३० लिटर पाणी जाते, म्हणजे त्या डब्यात पाणी थांबते दीड मिनिट. तेल वर यायला पाणी निवावे लागते आणि स्थिर राहावे लागते, त्यासाठी गर्दीच्या वेळीही निदान अर्धा तास हवा. ३० लिटरला ३० मिनिटे धरली तर ९०० लिटरचा हौद झाला : १.२ मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, पाण्याची खोली १ मीटर. मध्ये आडवी भिंत घालून त्याचे दोन कप्पे करायचे. येणारा पाइप टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) लावून पाण्याखाली उतरवायचा, म्हणजे पडणारे पाणी वरचा तवंग ढवळणार नाही. जाणाऱ्या पाइपाच्या टीचे तोंड तळापासून वीस-पंचवीस सेंटिमीटर वर ठेवायचे. तिथेच मधले स्वच्छ पाणी असते. संडासाची लाइन या हौदाला कधीही जोडायची नाही. वरचा तवंग आणि खालचा गाळ मिळून खोलीचा चौथा हिस्सा भरला की हौद उपसायचा. १ मीटर खोलीत याचा अर्थ २५ सेंटिमीटर, तेव्हा खुणा केलेली काठी दर आठवड्याला बुडवून पाहिली की पुरे.

यात सर्वांत जास्त फसवणारा उपाय म्हणजे उकळते पाणी आणि कॉस्टिक सोडा ओतणे. तेल सुटते, आपली मोरी मोकळी होते, आणि तेच तेल पुढच्या वळणावर, बहुधा महापालिकेच्या लाइनमध्ये, पुन्हा गोठते. स्वतःचा अडथळा सार्वजनिक पाइपात ढकलण्याचाच हा प्रकार आहे, म्हणून नियमात यालाही नावानिशी मनाई हवी. तळणाच्या जुन्या तेलाला तर मोरीची वाट लागूच नये. त्यातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने ते पुन्हा वापरता येत नाही, आणि रोज ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्याला त्याची नोंद ठेवावी लागते. ते बायोडिझेलसाठी विकले जाते. परवान्याच्या नूतनीकरणाला ही नोंदवही मागितली, तर तेल कुठे गेले हे एका पानावर कळेल.

पनीर आणि छेन्याचे पाणी दिसायला निरुपद्रवी, पण त्याचा बीओडी लिटरला ३०,००० ते ५०,००० मिलिग्रॅम भरतो. घरगुती मैलापाण्याचा असतो अडीचशेच्या आसपास. म्हणजे एका डेअरीने हे पाणी १,००० लिटर सोडले, तर केंद्रावर दीड लाख लिटर मैलापाण्याइतका भार पडतो, तोही दहा-पंधरा मिनिटांत. तपोवन आणि आगर टाकळीची जुनी केंद्रे यूएएसबी पद्धतीची. तिथले जिवाणू दाण्यांसारख्या गोळ्यांत राहतात, हवेशिवाय काम करतात आणि फार सावकाश वाढतात. तेलाचा थर त्यांच्या दाण्यांना चिकटला की ते दाणे तरंगून पाण्याबरोबर निघून जातात. अशी वसाहत परत बसायला आठवडे लागतात आणि तोवर पाणी अर्धवट शुद्ध होऊन गोदावरीत जाते.

आता अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहती. प्लेटिंगच्या टाकीत लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असले, तर त्यात निव्वळ क्रोमियम १३० ग्रॅम. त्यातले १० लिटर, म्हणजे अर्धी बादली, मोरीत गेली तर १,३०० ग्रॅम क्रोमियम गेले. गटाराच्या मर्यादेपर्यंत ते पातळ करायला साडेसहा लाख लिटर पाणी लागेल. नदीसाठी मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे, त्या हिशेबाने १ कोटी ३० लाख लिटर. ‘थोडंसं धुवणाचं पाणी आहे’ या वाक्याचा हा हिशेब.

यावरचा उपाय जुना आहे आणि लहान शेडलाही जमतो. क्रोमचे पाणी वेगळ्या टाकीत घ्यायचे. सल्फ्युरिक ॲसिडने सामू २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट घालत राहायचे. पिवळा रंग जाऊन हिरवा आला की क्रोमियम तीन-संयुजी, म्हणजे कमी विषारी, झाले. मग चुन्याने सामू साडेआठवर न्यायचा, हिरवट साका बसू द्यायचा, गाळ फिल्टर प्रेसमधून काढून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवायचा. चुकते ते दोन ठिकाणी. सामू ४-५ वर असतानाच मेटाबायसल्फाइट घातले तर क्रिया रेंगाळते, पिवळेपणा उरतो आणि कामगार कंटाळून व्हॉल्व्ह उघडतो. दुसरे म्हणजे निकेल साडेआठवर पूर्ण बसत नाही, त्याला सामू १० च्या आसपास लागतो. त्यामुळे दोन्ही पाणी एकाच टाकीत घेतले की एक धातू निसटतोच. आणि केंद्रात धातू नाहीसे होत नाहीत, ते गाळात उतरतात. तो गाळ शेताला खत म्हणून देता येत नाही. एका शेडच्या अर्ध्या बादलीने सगळ्या शहराचे खत वाया जाते.

सायनाइडच्या पाण्याचे पथ्य नेमके उलटे. सामू १० च्या वर ठेवून हायपोक्लोराइटने ते मोडायचे. ते ॲसिडला भेटले तर हायड्रोजन सायनाइड हा जीवघेणा वायू सुटतो. कारखान्याच्या आत ही दोन पिंपे कोणी जवळ ठेवत नाही. पण एका शेडमधून ॲसिड आणि शेजारच्या शेडमधून सायनाइड एकाच लाइनला लागले तर ही भेट रस्त्याखालच्या चेंबरमध्ये होते, जिथे झाकण उघडून माणूस उतरतो. सराफ बाजारातल्या चांदीच्या आणि तांबट लेनमधल्या भांड्यांच्या छोट्या कामातही तेजाब वापरले जाते. कारागिराला दोष देऊन भागणार नाही. त्याला चुन्याच्या निवळीचे एक पिंप, सामू-कागदाची पट्टी आणि उरलेले पाणी नेणारी गाडी मिळाली पाहिजे.

चेंबरमधल्या मरणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. मैला साचून कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेत तो दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होते, वास ‘गेला’ असे वाटते आणि खालचा माणूस सुरक्षित समजून आणखी दोन पायऱ्या उतरतो. पाचशे-सातशेवर तो कोसळतो, आणि वरचा त्याला काढायला उडी मारतो. गॅरेजमधले पेट्रोल, थिनर, जुने इंजिन ऑइल गटारात गेले तर त्यावर स्फोटाचा धोका वाढतो. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. काय सोडू नये याचा नियम म्हणूनच आधी या माणसांसाठी हवा.

बांधकामाच्या साइटवर मिक्सर धुतलेले पाणी चेंबरमध्ये सोडतात. सिमेंट पाण्याखालीही घट्ट होते. तळाच्या नाळीत बसलेला तो दगड जेटिंग मशीनने निघत नाही, छिन्नी लागते. टाइल कापल्याचा राडा आणि पीओपी यांचेही तेच. वेट वाइप्स आणि पॅड पंपाच्या इंपेलरला (फिरत्या पंख्याला) दोरासारखे गुंडाळतात. निर्माल्य, गोठ्याचे शेण, केस, राख यांना एका ओळीची मनाई पुरेशी आहे.

पावसाच्या पाण्याचे मात्र वेगळे सांगावे लागेल, कारण ते स्वच्छ असते म्हणून कोणी त्याला गुन्हा मानत नाही. १०० चौरस मीटर गच्चीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,००० लिटर पाणी येते. पाच माणसांचे घर माणशी १३५ लिटर वापरून दिवसाला साधारण ५४० लिटर मैलापाणी सोडते. गच्चीचा पाइप ड्रेनेजला जोडला की त्या घराचे नऊ दिवसांचे पाणी एका तासात लाइनमध्ये येते. मग नासर्डी आणि वाघाडी या नाल्यांच्या काठची झाकणे उचलली जातात आणि मैला नाल्यातून थेट नदीत उतरतो. इमारत पूर्णत्वाचा दाखला देताना रंगीत पाणी ओतून ही जोडणी तपासायला दहा मिनिटे लागतात. गच्चीवर एक बादली, खाली चेंबरजवळ एक माणूस.

आमची मुख्य मागणी चेंबरची आहे. प्रत्येक हॉटेल, डेअरी, गॅरेज, लॉन्ड्री, दवाखाना आणि कारखान्याच्या कुंपणाबाहेर, सार्वजनिक लाइनला मिळण्याआधी, एक तपासणी चेंबर बंधनकारक करा. येणारा पाइप चेंबरच्या तळापासून निदान १५० मिलिमीटर वर सोडायचा. त्यामुळे पडणाऱ्या धारेखाली बाटली धरता येते. साचलेल्या पाण्यातून घेतलेला नमुना कोणाचा, यावर वाद घालता येतो. धारेतला नमुना त्याच दाराचा असतो. ड्रेनेजजोडणीची परवानगी आणि तपासणी महापालिकेच्या हातात असल्यामुळे यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

नमुना घेणाऱ्यालाही शिकवावे लागेल. तेलाचा नमुना काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत घ्यायचा आणि ती आधी त्याच पाण्याने विसळायची नाही, कारण तेल काचेला चिकटून राहते आणि आकडा खोटा येतो. धातूंच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घालून सामू २ च्या खाली ठेवायचा. सायनाइडच्या बाटलीत उलट कॉस्टिक घालून १२ च्या वर. त्या अदलाबदल झाल्या तर प्रकरण सुनावणीत पडते, आणि बाटली भरणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो. नमुने रात्री दोन वाजताही घ्या. दिवसा स्वच्छ असणारे पाणी रात्री रंग बदलते.

मैला उपसणाऱ्या टँकरवाल्यांना नुसता दंड लावू नका. त्यांना रिकामे करायला जागा नसेल तर ते अंधारात जवळचे चेंबरच शोधणार. केंद्रांच्या फाटकाशी जाळी आणि साठवण टाकी असलेली उतरवण्याची जागा द्या, तिथून तो घट्ट मैला थोडा थोडा करून प्रवाहात सोडता येईल. पावती असेल तरच टँकरचा परवाना पुढे चालू ठेवा.

आणि प्रत्येक धंद्यासाठी मराठीत एकच पान छापा. हॉटेलचे वेगळे, प्लेटिंगचे वेगळे, साइटचे वेगळे. त्यावर काय सोडू नये, त्याऐवजी ते कोणाकडे द्यावे, हौद किती लिटरचा, उपसायचा कधी, एवढे असावे. परवान्याच्या मागे चिकटवा. मसुदा तयार करायला आम्ही विनामूल्य बसू. मोजमापे आणि चेंबरची रेखाचित्रे तयार आहेत, आपण बोलवाल त्या दिवशी घेऊन येतो.

आपले विश्वासू,
नळजोडणी, ड्रेनेज आणि सांडपाणी शुद्धीकरणाच्या कामातले नाशिककर