आधी सिस्टरच्या हातातलं दुहेरी काम थांबवा

संपादक महोदय,

‘यू-विन’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर बाळांच्या लसीकरणाच्या नोंदी वेळेत होत नाहीत म्हणून आरोग्य सेविकांना बैठकीत उभं करून जाब विचारला जातो. याच खात्यातून निवृत्त झाल्यामुळे गप्प बसवत नाही.

या बायकांना मोबाइल जमत नाही, असं म्हणणं अन्यायाचं आहे. १६ जानेवारी २०२१ पासून कोविड लसीकरणाचं ‘कोविन’ पोर्टल यांनीच चालवलं. पण तेव्हा केंद्रावर पाच जणांचं पथक असे. सुई टोचणारी वेगळी, पोर्टल बघणारा वेगळा. आज अंगणवाडीतल्या लसीकरण सत्राला सिस्टर, म्हणजे ही आरोग्य सेविका, एकटी, मदतीला आशाताई. गोवर-रुबेलाची कुपी द्रावण घालून तयार केली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. बाळ रडतंय, आई घाई करतेय. त्यात तीच नोंद टॅली शीटवर (दिलेले डोस मोजायचा कागद), आईच्या हातातल्या कार्डावर, रजिस्टरमध्ये आणि वर मोबाइलवर. शेवटी मोबाइलची एंट्री रात्री घरचा स्वयंपाक आटोपल्यावर होते, तीही कित्येकींच्या बाबतीत स्वतःच्या रिचार्जवर. अशी एंट्री कुणाला आपली वाटेल?

उपयोग दिसला की मात्र सांगावं लागत नाही. कामठीकडच्या वीटभट्ट्यांवर छत्तीसगड, बालाघाटकडची कुटुंबं येतात. कार्ड गावी राहिलेलं, सिम बदललेलं. आधीच्या गावी नोंद झाली असेल आणि ते बाळ पोर्टलवर सापडलं, तर पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा) कितवा डोस राहिला ते तिथेच कळतं. हे एकदा अनुभवलेली सिस्टर शेजारच्या उपकेंद्रातल्या दोघींना आपणहून शिकवते, आणि हे शिकणं सभागृहातल्या प्रशिक्षणापेक्षा जास्त टिकतं, हे मी पाहिलं आहे.

म्हणून जिल्हा आरोग्य विभागाला विनंती. जिथे पोर्टल नीट चालतं तिथे कागदी रजिस्टर कोणत्या तारखेपासून बंद, ते लेखी कळवा. नेटचा खर्च द्या. सत्राच्या वेळेत फोन उचलेल असा एक जाणकार माणूस प्रत्येक तालुक्याला नेमा. बैठकीत किती एंट्र्या झाल्या एवढंच न विचारता, ड्यू लिस्टमधली, म्हणजे लस द्यायची असलेल्यांच्या यादीतली, किती बाळं सापडली तेही विचारा. दिवाळीनंतर भट्ट्यांचा हंगाम सुरू होतो. त्याआधी निदान कामठी आणि मौदा तालुक्यांत तरी हे व्हावं.

– एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका, नागपूर