हातच्या दागिन्यांची घडणावळ कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की मंगळागौरीपासून थेट संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत आपल्याकडच्या गावोगावची मंगल कार्यालये आणि शाळांची सभागृहे हस्तकलेच्या प्रदर्शनांनी गजबजून जातात. खणाच्या ठुशा आणि चिंचपेट्या, पैठणीच्या काठांचे बटवे, गोंड्यांची कानातली, रेशमी दोरा गुंडाळलेल्या बांगड्या, गोधडीच्या टाक्यांच्या पिशव्या असे कितीतरी प्रकार तिथे मांडलेले असतात. वृत्तपत्रांतून या प्रदर्शनांना उत्तम प्रतिसाद मिळाल्याच्या बातम्या येतात आणि त्या वाचून माझ्यासारखीला आनंदच होतो. मात्र विकल्या गेलेल्या वस्तूमागे ती करणाऱ्या बाईच्या हाती तिच्या कामाचे म्हणून नेमके किती पैसे पडले, याचा उल्लेख अशा बातमीत माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. मी गेली बरीच वर्षे मिरजेत घरी कापडी दागिने आणि बटवे करते. या कामात कौतुक पुष्कळ मिळते, पण मजुरीचा हिशेब मात्र करणाऱ्या, विकणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा सगळ्यांनीच सोडून दिला आहे, हे मला या पत्रातून सविस्तर मांडायचे आहे.

खणाची एक साधी चिंचपेटी घ्या. खण आधी पाण्यातून काढून सावलीत वाळवावा लागतो, कारण त्याचा गडद लाल किंवा जांभळा रंग घामाने उतरला तर ती घालणारीच्या ब्लाउजवर डाग पडतो. मग इस्त्री करून कापडाच्या उलट बाजूला चिकट कॅनव्हास बसवायचा, पुठ्ठ्याच्या फर्म्याने आकार आखायचे आणि आखताना खणाची बुट्टी प्रत्येक पेटीच्या बरोबर मध्यावर येईल असे पाहायचे. बाहेरून पाहणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, पण कापड सर्वांत जास्त वाया जाते ते इथेच. कारण एका जरी पेटीत बुट्टी सरकली तरी गळ्यात घातल्यावर सगळी ओळ वाकडी दिसते. गोलाई असलेल्या कडेला बारीक कातरे देऊन ती आत दुमडावी लागते, मागे मऊ कापड लावून काजाच्या टाक्याने बंद करावी लागते, त्यानंतर मोत्यांची ओळ एकेक मणी टाचून बसवायची, पेट्या एकमेकींना जोडायच्या, आणि शेवटी दोरी वळून तिला गोंडा बांधायचा. सरावलेल्या हातालाही याला दोन-अडीच तास लागतात.

आता पैशांकडे वळू. या चिंचपेटीला खण, कॅनव्हास, मोती, दोरी असे साहित्य साधारण ७५ रुपयांचे लागते आणि आमच्या भागात ती २०० रुपयांना जाते. उरलेल्या १२५ रुपयांतून प्रदर्शनाच्या भाड्याचा वाटा, डबी, रिक्षाभाडे आणि न खपलेल्या मालात अडकलेले पैसे धरून ७५ रुपये वजा केले, तर अडीच तासांचे ५० रुपये, म्हणजे तासाला २० रुपये हातात पडतात. आठ तास मान मोडून काम केले तर १६० रुपये होतात. महाराष्ट्रात केंद्राच्या रोजगार हमी योजनेचा २०२४-२५ सालचा अकुशल कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. आमचे काम कुशल आहे असे सगळेच म्हणतात, आणि अकुशल कामाला सरकारने ठरवून दिलेल्या मजुरीच्या जेमतेम निम्मी रक्कम त्यातून सुटते.

सोन्याच्या दुकानात बिल होते तेव्हा त्यावर घडणावळ वेगळी लिहिलेली असते आणि ती कमी करून मागणारे गिऱ्हाईकही ती द्यायचीच नाही असे म्हणत नाही. शिंप्याकडे ब्लाउज टाकताना कापडाच्या किमतीपेक्षा शिलाई जास्त झाली तरी कोणी तक्रार करत नाही. पटवेकऱ्याकडे मोत्यांची माळ गाठवायला दिली तर मोती आपले असूनही त्याच्या गाठवण्याचे पैसे आपण मुकाट्याने देतो. हीच तिन्ही कामे एखादी बाई एकटीने घरात बसून करते तेव्हा मात्र, ‘या एवढ्याशा कापडाचे दोनशे रुपये?’ असा प्रश्न येतो. तिने कापड विकलेलेच नसते, तिने आपला वेळ आणि हात विकलेला असतो, हे घेणाऱ्याच्या मनात येत नाही. खेदाची गोष्ट अशी की पुष्कळदा ते विकणारीच्याही मनात येत नाही. ‘घरीच तर बसून करते’ हे वाक्य मी गिऱ्हाइकांकडून जितके ऐकले आहे, तितकेच माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींकडूनही ऐकले आहे.

याला आमची शिकवणही जबाबदार आहे. बहुतेक प्रशिक्षण वर्गांत किंमत ठरवण्याची एक सोपी रीत सांगितली जाते, ती म्हणजे साहित्याला जेवढे पैसे लागले त्याच्या दुप्पट किंवा अडीचपट लावावेत. ही रीत मुळातच चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्विलिंगच्या कानातल्यांना कागद लागतो तो चार-पाच रुपयांचा, पण पट्ट्या वळून, चिकटवून, त्यांवर वॉर्निशचे हात देण्यात अख्खी दुपार जाते. याउलट तयार पेंडंट १५० रुपयांना आणून ते मण्यांच्या सरात अडकवायला दहा मिनिटे पुरतात. दुप्पट किमतीच्या हिशेबाने पेंडंट अडकवणारीला दहा मिनिटांचे १५० रुपये मिळतात आणि कागद वळणारीला अख्ख्या दुपारचे पाच रुपयेही मिळत नाहीत. असे झाले की हाताचे काम करणारी बाई हळूहळू तयार माल आणून जोडण्याकडे वळते, आणि त्यात तिचा दोष आहे असे मला वाटत नाही. वेळ मांडून, तासाचा दर ठरवून, मग साहित्य आणि वरखर्च त्यात मिळवायला शिकवणारा वर्ग जिथे असेल तिथेच मुलींनी फी भरावी.

घरच्या कामाचा दर ठरवता येत नाही, असे काही जण म्हणतात, त्यांच्यासाठी एक उदाहरण देते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. तिथे बायका पीठ घरी नेतात, पापड घरीच लाटतात, पण लाटण्याची मजुरी किलोवर ठरलेली असते आणि ती सर्वांना माहीत असते. घराच्या चार भिंतींत केलेल्या कामालाही असा उघड दर असू शकतो, हे याच महाराष्ट्राने साठ वर्षांहून अधिक काळ पाहिले आहे.

आपल्याकडे घरी दागिने करण्याची परंपरा नवी नाही. संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला घालायचे हलव्याचे दागिने हे तिचे सर्वांत सुंदर रूप आहे. तीळ किंवा साबुदाणा परातीत घेऊन, मंद आचेवर थेंब थेंब पाक घालत, बोटांनी सतत फिरवत राहायचे तेव्हा कुठे हलव्यावर काटा येतो. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात आणि आच वाढली की पांढरा रंग जातो. हे काम काही दिवस चालते. थंडी हवी, हवेत दमटपणा नको, आणि बोटांना चटके सोसायची सवय हवी. मग त्या हलव्याचे हार, बाजूबंद, कंबरपट्टा, बाळासाठी मुकुट आणि बासरी करायची. पूर्वी हे आजी किंवा आत्या करत, त्यामुळे पैशांचा प्रश्नच येत नसे. आज बहुतेक घरांत हा संच विकत आणला जातो. आजीच्या प्रेमाचा दर कोणी लावू नये, हे मलाही मान्य आहे, पण तेच काम परक्या घरासाठी आपल्या चुलीपाशी बसून करणाऱ्या बाईला प्रेमाच्या नावाखाली कमी पैसे देणे योग्य नव्हे.

प्रदर्शनांच्या आयोजकांना मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली भाड्याबद्दल. टेबलाचे भाडे आगाऊ आणि ठोक घेतले जाते, त्यामुळे पाऊस पडला, गर्दी झाली नाही किंवा जागा कोपऱ्यात मिळाली तर सगळा तोटा बाईवर येतो आणि आयोजकाचे काहीच बिघडत नाही. थोडी अनामत रक्कम आणि त्यावर विक्रीतला ठरलेला वाटा अशी पद्धत ठेवली तर गर्दी जमवण्याची काळजी आयोजकही घेतील. दुसरी गोष्ट मालाबद्दल. मुंबईच्या भुलेश्वरमधून किंवा पुण्याच्या बोहरी आळीतून मणी, हुक, दोरे आम्ही सगळ्याच आणतो आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु घाऊक बाजारातले यंत्रावर झालेले तयार हार जसेच्या तसे आणून ‘हँडमेड’ म्हणून शेजारच्या टेबलावर निम्म्या किमतीत मांडले जातात, तेव्हा आमची चिंचपेटी महाग ठरते. कोणती वस्तू हाताने केलेली, कोणती जोडलेली आणि कोणती आणून विकलेली, याची पाटी प्रत्येक टेबलावर सक्तीची करावी. तयार माल विकणाऱ्यांनीही यावे, त्यांचाही तो पोटाचा धंदा आहे, पण गिऱ्हाइकाला खरे कळले पाहिजे.

हाच नियम आम्हालाही लागू आहे. यंत्रमागावरच्या जरीकाठाच्या कापडाचा बटवा करून तो येवल्याच्या हातमागाच्या पैठणीचा म्हणून विकणे ही फसवणूकच आहे. खणाचेही तसेच. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण आणि यंत्रमागाचा खण यांच्या किमतीत आणि पोतात फरक असतो, आणि आपण कोणता वापरला ते सांगायला लाजू नये. कानातल्यांच्या स्वस्त हुकांमध्ये निकेल असते आणि ते अनेकींच्या कानांना सोसत नाही, खाज येऊन पाणी सुटते. घडणावळ मागायची असेल तर हुक चांगला वापरणे, रंग उतरत नाही याची खात्री करणे आणि तुटलेली दोरी बदलून देणे हे आमच्याकडून झालेच पाहिजे.

सरकारी पातळीवर परिस्थिती थोडी सुधारली आहे, हे मान्य करायला हवे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांना नावनोंदणी करून ऑनलाइन पोर्टलवरून माल विकता येतो, मात्र तो राज्याच्या आतच. आम्हा सीमाभागातल्या बायकांना ही अट फार जाचते. माझा खण कर्नाटकातून येतो, मला विचारणारी निम्मी गिऱ्हाइके बेळगाव-निपाणीकडची आहेत, पण पोर्टलवरून त्यांना एक बटवा पाठवायचा तर जीएसटीची नोंदणी करून विवरणपत्रे भरत बसावे लागेल. वर्षाला लाख-दीड लाखाची उलाढाल असलेल्या घरगुती हस्तकलेला या अटीतून सूट मिळायला हवी, आणि आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी हा विषय लावून धरावा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत सोनार, शिंपी, माळाकार आहेत, पण कापडाचे किंवा मण्यांचे दागिने घरी करणारी बाई त्यांपैकी कशातच धड बसत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, मात्र तिला करता येते. ती ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे, तेव्हा त्यासाठी कोणी पैसे मागितले तर भगिनींनी देऊ नयेत. राज्यात ‘उमेद’ (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) बचत गटांसाठी चांगले काम करतात, ‘महालक्ष्मी सरस’सारखी मोठी बाजारपेठही गटांना मिळते. गटाबाहेर एकटीने काम करणारीला असे दार अजून सापडलेले नाही.

आणखी एका वर्गाचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. माझ्यासारखीला निदान स्वतःची किंमत स्वतः सांगता येते. व्यापाऱ्याकडून मणी आणून डझनावारी ओवून देणाऱ्या, टिकल्या-खडे चिकटवून देणाऱ्या बायका शहराशहरांच्या वस्त्यांत आहेत आणि त्यांचा दर व्यापारीच ठरवतो. घरी राहून असे काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, असे सांगणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ मध्ये झाला, पण भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम पोर्टलवर या बायकांची नोंद होऊ शकते. त्या नोंदीपुढे जाऊन डझनाचा किमान दर ठरवणे हे कामगार खात्याचे काम आहे आणि ते त्याने हाती घ्यावे.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की या वर्षी संक्रांतीच्या प्रदर्शनांच्या बातम्या देताना आपल्या प्रतिनिधींनी उद्घाटक कोण होते याबरोबरच टेबलाचे भाडे किती होते, विक्री किती झाली आणि दोन-चार वस्तूंना किती तास लागले, हेही विचारून छापावे. वाचक भगिनींनीही एखादा हार हातात घेतल्यावर भाव करण्याआधी, हा करायला किती वेळ लागला, एवढे विचारावे. आणि टेबलामागच्या बाईने तो वेळ खरा सांगून त्याचे पैसे मागावेत.

आपली विश्वासू,
एक गृहउद्योजिका, मिरज