गणेशखिंडीतली वास्तू

पुणे

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

लेकीला विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. वसतिगृहाची चौकशी मी करतो, त्याची काळजी करू नकोस. पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस की ती मनोऱ्याची मुख्य इमारत मुळात कुणाची? फोनवर चटकन सांगता आलं असतं, पण या वास्तूबद्दल मला थोडक्यात बोलवत नाही. म्हणून सवडीने लिहायला बसलो.

ते मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी घर होतं. हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पाऊस सुरू झाला की पुणे, असा सरकारचा वर्षाचा फेरा असे. आधी पुण्यातला मुक्काम दापोडीला होता. पेशव्यांच्या पदरी असलेल्या कॅप्टन फोर्डचं तिथलं घर गव्हर्नर माल्कमने 1828 मध्ये सरकारसाठी घेतलं होतं. हाच फोर्ड 1817 च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईत आपली पलटण घेऊन इंग्रजांना जाऊन मिळाला होता. त्या दिवशी बापू गोखल्यांची फौज गणेशखिंडीच्या अंगाला पसरली होती आणि बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. पुढे गव्हर्नरच्या वाड्यासाठी निवडली ती याच खिंडीजवळची जागा. पेशवाई जिथे हरली तिथेच राज्यकर्त्याने घर बांधावं, हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही. निदान पुणेकरांना तो तसा वाटला नसणार.

बांधकाम 1864 मध्ये सुरू झालं. तेव्हा सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्याने तिकडचा कापूस थांबला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला होता. फ्रिअरने त्याच भरात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडून शहर मोकळं केलं. त्या मोकळ्या जागेची आखणी करणाऱ्या जेम्स ट्रबशॉकडेच गणेशखिंडीचं कामही आलं. पण 1865 मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, शेअरबाजार बुडाला आणि इकडे घर मात्र वाढतच राहिलं. उधळपट्टी म्हणून भरपूर टीका झाली. काम पुरं झालं 1871 मध्ये. फ्रिअर 1867 मध्येच पायउतार झाला होता.

आता वास्तूकडे नीट बघ. लोक मनोऱ्यासमोर फोटो काढतात आणि निघतात, याचं मला वाईट वाटतं. तो चौकोनी, ऐंशी फुटी मनोरा इटलीतल्या धाटणीचा. अर्धगोल कमानी युरोपातल्या जुन्या रोमनेस्क पद्धतीच्या. पण दगड इथलाच, दख्खनचा काळा पाषाण. उन्हात तो करडा दिसतो, पहिल्या सरी पडल्या की काळाभोर होतो. पावसाळ्यासाठी बांधलेलं घर पावसाळ्यातच पाहायला हवं. कमानींच्या मागे खोल व्हरांडे ठेवले आहेत, तिरपा पाऊस आत शिरू नये आणि वारा मात्र खेळावा म्हणून. जुलैत तिथे उभा राहा, म्हणजे या इमारतीची अर्धी अक्कल त्या व्हरांड्यांत आहे हे तुझं तुलाच कळेल. मनोरा दिमाखासाठी आहे. मला विचारशील तर व्हरांडेच जास्त मोलाचे.

आता मला खरं सांगायचं आहे ते 1897 बद्दल. प्लेग पुण्यात आदल्या वर्षाअखेर आला. प्लेग समितीचा प्रमुख रँड, त्याच्या हाताखालचे गोरे सोजीर घरात घुसत, देवघरापर्यंत झडत्या घेत. त्यात दख्खनेत दुष्काळ. आणि 22 जूनला राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून याच वाड्यात मेजवानी झाली. रात्री रँड तिथून परत निघाला तेव्हा गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गाठलं. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड 3 जुलैला. दामोदरपंत 1898 मध्ये फासावर गेले. बाळकृष्ण, वासुदेव आणि त्यांचा साथी महादेव रानडे पुढच्या वर्षी.

हे तुला शाळेपासून पाठ आहे. पण त्याच प्लेगातली दुसरी गोष्ट या वास्तूच्या संदर्भात कुणी सांगत नाही. मेजवानीच्या साडेतीन महिने आधी, 10 मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांच्या दत्तक मुलाने, डॉक्टर यशवंताने, हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला बाईंनी पाठीवर घेऊन तिथवर नेलं. मुलगा वाचला आणि त्यांना स्वतःला लागण झाली. एकाच शहरात, एकाच साथीत, एकीकडे हे आणि दुसरीकडे खिंडीतल्या वाड्यात रोषणाई. 2014 पासून विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. तुझ्या लेकीच्या पदवीपत्रावर ते नाव येईल, तेव्हा हे दोन्ही तिला ठाऊक असावं अशी माझी फार इच्छा आहे.

विद्यापीठ इथे आलं त्याची हकिकत छोटी आहे. पुणे विद्यापीठ सुरू झालं ते भांडारकर संस्थेच्या निझाम गेस्ट हाऊसमध्ये. जून 1949 मध्ये बिऱ्हाड या वाड्यात हललं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. ग्रंथालयाला आज त्यांचंच नाव आहे. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी पुढाकार घेतला आणि चारशेहून अधिक एकरांचं आवार मिळालं. सुरुवातीला अठरा महाविद्यालयं आणि आठ हजारांवर विद्यार्थी एवढाच पसारा होता. आज मुख्य इमारतीत कचेऱ्या आहेत आणि संत ज्ञानेश्वरांच्या नावाचं सभागृह. त्यातलं एखादं दालन विद्यार्थ्यांना नुसतं वाचत बसायला उघडं असावं, असं मला फार मनापासून वाटतं. व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसलेली मुलं हा त्या व्हरांड्यांचा सगळ्यात चांगला उपयोग होईल.

एक गोष्ट राहिली. याच आवारात आयुका आहे, जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था. वास्तू चार्ल्स कोरियांची. तिच्या भिंती बघायला लेकीला जरूर ने. खाली हाच काळा पाषाण, त्यावर आणखी काळा कडप्पा, आणि सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. त्यात आभाळ आणि ढग उमटतात, भिंत कुठे संपली ते कळत नाही. ट्रबशॉने इथल्या दगडाला इटलीचा पोशाख चढवला, कोरियांनी त्याच दगडाला तारांगणाकडे वळवलं. दोन्ही इमारती एकाच दिवशी पाहिल्या तर दगडाकडे बघायची नजरच बदलते. माझा कल कोरियांकडे आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

येताना कामाच्या दिवशी या, म्हणजे कागदपत्रांचं कामही होईल आणि मुख्य इमारतही सावकाश पाहता येईल. उतरायचं माझ्याकडेच. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. गाडीची वेळ कळव.

तुझा जुना मित्र