खाऱ्या हवेतली स्पोर्ट्स कार: सर्व्हिसिंग ऋतू पाहून करावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारी गावांत अलीकडे बुटक्या, दोन दारांच्या महागड्या स्पोर्ट्स कार दिसू लागल्या आहेत. मालक मुंबई-पुण्याला, गाडी गावच्या घरी आणि वर्षातले बहुतेक महिने ती कव्हराखाली, असा सर्वसाधारण प्रकार असतो. या गाड्यांच्या निगेविषयी जे सल्ले ऐकायला मिळतात ते कोरड्या हवेच्या शहरांतले असतात, आणि ते जसेच्या तसे पाळल्यामुळे फार न धावलेल्या, वरून चकचकीत असलेल्या गाड्याही खालून कुजलेल्या पाहायला मिळतात. सर्व्हिसिंगच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे दिलेले असतात आणि त्यांपैकी जे आधी येईल ते धरावे, असे स्पष्ट छापलेले असते. आपण मात्र किलोमीटरच पाहतो. कोकणात या गाडीचे वेळापत्रक आगोट (पावसाळ्याची सुरुवात), दसरा आणि शिमगा पाहून ठरवले पाहिजे, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

मुळात त्रास मिठाचा आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन आपोआप विरघळू लागते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते याच कारणाने. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही ओलावा धरते. किनाऱ्यावर पावसाळाभर, आणि एरवीही बहुतेक रात्री, आर्द्रता ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणजे गाडीच्या पोटाशी बसलेला खाऱ्या वाऱ्याचा थर पावसाचा थेंब न पडताही रात्रभर ओला राहतो आणि गंजाचे काम चालू राहते. अशा गाडीवर ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचे कव्हर घट्ट ओढले की तो ओलावा आतच कोंडला जातो. कव्हर कापडी, हवा खेळती राहील असे हवे आणि तेही छपराखालीच घालावे.

भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण दर हंगामात छापता. पण वाळूत चार फेऱ्या मारून, छायाचित्रे काढून सुखरूप बाहेर पडलेल्या गाडीचे पुढे काय होते, याची बातमी होत नाही. चाकांनी उडवलेले खारे पाणी आणि ओली वाळू मडगार्डच्या आतल्या अस्तरामागे, ब्रेकच्या नळ्यांवर आणि सस्पेन्शनच्या सांध्यांत जाऊन बसते आणि तिथून ती आपोआप निघत नाही. स्पोर्ट्स कार किनाऱ्यावर उतरवूच नये, या मताला माझ्या लेखी अपवाद नाही.

‘आमची गाडी गंजणारी नाही’ असेही काही मालक ठामपणे सांगतात. पोर्शने 1976 च्या मॉडेलपासून 911 च्या पोलादी बॉडीवर जस्ताचा थर देण्यास सुरुवात केली, हे खरे. 2006 साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या ऑडी टीटीचा सांगाडा बहुतांशी ॲल्युमिनियमचा आहे, हेही खरे. पण त्याच टीटीचा मागचा भाग पोलादी आहे, आणि दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून त्यांच्यामध्ये खारे पाणी शिरले की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. कारखान्यात अशा सांध्यांना जो लेप आणि डिंक लावलेला असतो, तो ठोकाठोकीच्या दुरुस्तीत एकदा निघाला की परत सहसा कोणी लावत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात बनलेली आणि 1998 मध्ये बाजारात आलेली सॅन स्टॉर्म ही स्पोर्ट्स कार बाहेरून फायबरग्लासची होती. पण त्या अंगाखालचा सांगाडा पोलादीच होता, आणि बाहेरून काही दिसत नसल्याने तिथला गंज उशिरा कळतो. त्यात आपले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधकाची उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर असायला हवी. प्रत्यक्षात गावोगावी जे उंचवटे घातलेले असतात त्यांवर बुटक्या गाडीचे पोट घासते, खालचा संरक्षक लेप (अंडरकोटिंग) खरवडला जातो आणि उघड्या पडलेल्या धातूला खारी हवा लागते. म्हणून आगोटीपूर्वी आणि पाऊस सरल्यावर गाडी रॅम्पवर चढवून खालून टॉर्चने पाहणे अत्यावश्यक आहे. दसऱ्याला आपण गाडी धुऊन झेंडूची माळ घालतोच; त्याच आठवड्यात तिचे पोटही पाहावे.

धुण्याबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. समुद्रालगतच्या अनेक विहिरींचे आणि बोअरचे पाणी मचूळ असते, आणि त्या पाण्याने गाडी धुणे म्हणजे मीठ काढून पुन्हा मीठ लावणे. पाणी गोडेच हवे. ते बेताच्या दाबाने पण भरपूर, चाकांच्या वरच्या पोकळीत आणि गाडीच्या पोटाखाली मारावे. वॉशिंग सेंटरमधला जोराचा फवारा जवळून मारला तर बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जाते आणि रेडिएटरच्या पातळ पात्या वाकतात. धुऊन झाल्यावर गाडी लगेच शेडमध्ये न लावता थोडे अंतर चालवून ब्रेक सुकवावेत. दारांच्या खालच्या कडेला आणि वायपरखालच्या पन्हाळीत पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोके असतात. आंब्याचा मोहोर, पाचोळा आणि तांबडी माती साचून ती बुजतात, आणि मग दार हलवले की आत पाणी डुचमळताना ऐकू येते. ती भोके तारेने टोकरू नयेत, रंग जातो. माडाच्या झापाचा हीर त्यासाठी उत्तम. माड उपयोगी पडतो तो इतकाच, त्याच्या सावलीत गाडी लावू नये.

दुसरी सार्वत्रिक चूक म्हणजे मालकाच्या सांगण्यावरून राखणदाराने दर आठवड्याला गाडी जागच्या जागी पाच मिनिटे चालू करून बंद करणे. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. गाडी नीट तापली तर ते वाफ होऊन निघून जाते; थंड इंजिनात मात्र ते सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्ये उतरते. शिवाय स्टार्टरने खर्च केलेली बॅटरी तेवढ्या वेळात भरतही नाही. चालवायची तर गाडी अर्धा तास रस्त्यावर न्यावी, आणि पाण्याच्या तापमानाचा काटा स्थिरावल्यावरही ऑईल तापायला आणखी वेळ लागतो हे ध्यानात ठेवून तोवर इंजिन ताणू नये. ते जमणार नसेल तर गाडी बंदच ठेवावी आणि बॅटरीला आपोआप थांबणारा चार्जर जोडून ठेवावा. उभी करण्यापूर्वी ऑईल बदलावे, कारण वापरलेल्या ऑईलमधली आम्ले उभ्या इंजिनातही बेअरिंगांना खातात.

आता पंपांवर मिळते त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषते. पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी म्हणूनच जवळपास भरलेली असावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. आणि ते पेट्रोल गणपतीत संपवून टाकावे. जुन्या मॉडेलच्या रबरी नळ्या या इंधनासाठी बनलेल्या नसतात, त्या बदलून घ्याव्यात.

ब्रेक ऑईलही हवेतले पाणी ओढते. डॉट-4 प्रतीच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो; पाणी शोषलेल्या ऑईलसाठी हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना सतत दाबलेले ब्रेक तापून ऑईल उकळले तर पेडल जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही. कितीही कमी धावलेली असो, दर दोन वर्षांनी ते बदलावेच. टायरचेही तसेच: बाजूला छापलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते. उभ्या गाडीला हँडब्रेक लावून ठेवू नये, ब्रेक चिकटतात. चाकाला ओंडका लावावा. शेडची जमीन मातीची असेल तर तिच्यावर जाड प्लॅस्टिक अंथरून मगच गाडी उभी करावी.

शेवटी एक मागणी. किनाऱ्यांवर वाहनतळाचे शुल्क घेणाऱ्या ग्रामपंचायतींनी बाहेर पडण्याच्या वाटेवर, शक्य तिथे, गोड्या पाण्याचा नळ आणि गाडीच्या खालून फवारा मारण्याची साधी सोय सशुल्क का होईना, करावी. स्पोर्ट्स कार मूठभर असतील, पण स्थानिकांच्या रिक्षा, टेम्पो आणि दुचाकींनाही तिचा तितकाच उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी