मास्तरांचा पगार आणि तुझं अप्रेझल

प्रिय सुध्या,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर बोललो तर भांडणंच होतील म्हणून लिहितोय. तुझं म्हणणं काय, तर तुझ्या कंपनीसारखं आम्हा मास्तरांनाही दरवर्षी अप्रेझल लावा, रिझल्ट लागला तर इन्क्रिमेंट नाहीतर बसा बोंबलत. अरे, पण सध्या पगार कशावर ठरतो ते तरी आधी बघ.

मी नववी अ ला गणित शिकवतो, तुकडी शंभर टक्के अनुदानावर, त्यामुळे मला पूर्ण पगार. पलीकडे नववी क ला तेच पुस्तक, तेच धडे शिकवणारे सर वीस टक्के टप्प्यावर, म्हणजे सरकार त्यांच्या पगाराचे वीसच टक्के देतं. सातव्या आयोगात माध्यमिकच्या ट्रेन्ड ग्रॅज्युएट शिक्षकाचं बेसिक 38,600 ला सुरू होतं, त्याचे वीस टक्के काढ बरं, 7,720 येतात, वर डीए वगैरे तेवढ्याच प्रमाणात. संध्याकाळी क्लासवर जातात तेव्हा त्यांचं घर चालतं. स्टाफरूममध्ये पगाराचा विषय निघाला की हा माणूस वह्या उचलून सरळ वर्गात जातो, तास नसला तरी. आणि 'कायम विनाअनुदानित', म्हणजे कधीच अनुदान न मिळणाऱ्या शाळा, त्यातला 'कायम' 2009 ला काढला म्हणे, तरी टप्पावाढीसाठी लोक अजून आझाद मैदानात बसतातच ना!

बरं, शंभर टक्केवाल्यांत तरी सगळं सारखं कुठंय. नवीन पोरगा लागला की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे काम पूर्ण आणि हातात मानधन. 2023 पासून ते प्राथमिकला 16 हजार, माध्यमिकला 18 हजार झालं, त्याआधी कित्येक वर्षं 6 आणि 8 हजारच होतं. त्यात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलास तर जुनी पेन्शन, नंतर लागलास तर तुझं नशीब. यात शिकवणं कुठं आलं सांग.

आता तुझा रिझल्ट. आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात, पोरंही आईबापाबरोबर जातात, मार्चमध्ये मी कुणाचा रिझल्ट दाखवू? वर बीएलओचं, म्हणजे निवडणुकीचं काम आहेच, मतदार याद्या घेऊन दारोदार. शहरातल्या क्लास लावलेल्या पोरांशी आमची तुलना झाली तर इकडं कुणी टिकायचं नाही, आणि टिकला तो कॉपी करू देईल.

बोनसला माझा सरसकट विरोध नाही हां. आंध्रात सरकारी प्राथमिक शाळांमध्ये प्रयोग झाला होता, पोरांच्या मार्कांत सुधारणा किती झाली त्यावर बोनस, तोही वर्षाच्या पगाराच्या सरासरी तीनेक टक्केच, आणि दोन वर्षांत गणित-भाषा दोन्हीत फरक दिसला. पण तिथं मूळ पगाराला हात लावला नव्हता, आणि पोरगं आधी कुठं होतं ते मोजलं होतं. तसं करणार असाल तर करा. आधी मात्र एका कामाला एकच वेतनश्रेणी, तीही पहिल्या दिवसापासून. आदिवासी-नक्षलग्रस्त भागात एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे वरच्या पदाचा पगार मिळतो, तसं आमच्यासारख्या स्थलांतराच्या गावांनाही काहीतरी जास्तीचं द्या. पैसा कुठून आणायचा ते तुझ्यासारख्या एक्सेलवाल्यांनी बघा.

स्वातीच्या बी.एड. चं विचारलंस. करू दे, पोरगी शिकवते छान. फक्त टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (भरतीची अभियोग्यता चाचणी) यांचा अभ्यास आत्तापासून सुरू कर म्हणावं, भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते. आणि कुठली संस्था 'पुढं अनुदान येणारच आहे' म्हणत डोनेशन मागायला लागली तर पैसे द्यायच्या आधी मला फोन कर.

तुझा,
बाळ्या