हास्केलसाठी लिनक्स निवडताना

संपादक महोदय,

फंक्शनल प्रोग्रामिंगकडे (फलनांवर आधारलेल्या प्रोग्रामिंगकडे) वळणारे विद्यार्थी ‘कोणतं लिनक्स घेऊ?’ यातच आठवडे घालवतात. हास्केल या फंक्शनल भाषेपुरतं बोलायचं तर डेबियन किंवा उबंटू हे लिनक्स पुरे. मात्र त्यांच्या पॅकेज-भांडारातला कंपायलर घेऊ नये. डेबियन १२ मध्ये जीएचसी (हास्केलचा कंपायलर) ९.०.२ आहे, आणि बऱ्याच नव्या लायब्ररी त्यावर अडतात. आधी बिल्ड-इसेन्शियल, कर्ल, लिबजीएमपी-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह ही पॅकेजेस बसवावीत, मग जीएचसीअप हे जीएचसी बसवणारं साधन चालवावं. ते सगळं होम फोल्डरमध्येच ठेवतं, सुडो (प्रशासकाचे अधिकार) लागत नाही. लिबजीएमपी-डेव्ह विसरलात तर कंपाइल नीट होतं आणि लिंक करताना (लायब्ररी प्रोग्रामला जोडताना) ‘-एलजीएमपी सापडत नाही’ अशी तक्रार येते. नवखा मात्र चूक आपल्या कोडमध्ये शोधत बसतो.

आर्च हे लिनक्स ताजं खरं, पण त्याची हास्केल पॅकेजेस डायनॅमिक लिंकिंगसाठी (प्रोग्राम चालताना लायब्ररी जोडण्यासाठी) बांधलेली. कबाल हे हास्केलचं बिल्ड-साधन स्टॅटिक (बांधतानाच जोडायच्या) लायब्ररी मागतं, आणि ‘प्रिल्यूड’ हे हास्केलचं मूळ मॉड्यूलच सापडत नाही! तिथंही जीएचसीअपच बरं.

निक्सओएस या लिनक्सवर आवृत्त्या गोठवता येतात, हे मोलाचं. पण डायनॅमिक लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) नेहमीच्या जागी नसल्यामुळे जीएचसीअपच्या तयार बायनरी तिथं चालत नाहीत. पहिल्या सत्रात ते नकोच.

होमचं पार्टिशनही लहान ठेवू नये. जीएचसीच्या दोन-तीन आवृत्त्याच काही जीबी खातात.

– एक वाचक, पुणे